ग्रंथपाल झालेला प्राध्यापक

महाविद्यालयाचे ग्रंथालय हे विद्यार्थ्यांसाठी असते, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्राध्यापकाचा त्याच्याशी येणारा संबंध बहुधा ठराविक असतो. वर्षारंभी क्रमिक पुस्तके न्यावीत, वर्षअखेर ती परत करावीत आणि मागणी आली म्हणजे नव्या पुस्तकांची यादी द्यावी, एवढ्यावर तो आटोपतो. अध्यापकाच्या अभ्यासाला ग्रंथालयाने काय पुरवावे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. भारतीय ग्रंथालयांना शास्त्राची बैठक देणारे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक होते, ही गोष्ट म्हणूनच आवर्जून ध्यानात घेण्यासारखी आहे. ग्रंथ मागणारा आणि ग्रंथ देणारा या दोन्ही नात्यांचा अनुभव त्यांच्या गाठी होता.

रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे झाला. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातून १९१६ मध्ये ते गणितात एम. ए. झाले. अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेऊन १९१७ साली त्यांनी मंगळूरच्या सरकारी महाविद्यालयात नोकरी धरली. पुढे कोइंबतूर आणि १९२१ पासून मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज असा त्यांचा प्रवास झाला. बोलताना अडखळण्याचा दोष असूनही त्यांनी निष्ठेने शिकविले. आयुष्य वर्गात, फळ्यासमोर जावे, हीच त्यांची इच्छा होती.

१९२३ मध्ये मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद निर्माण केले. त्यासाठी आलेल्या शेकडो अर्जदारांपैकी ग्रंथालयाचे शिक्षण कोणाचेच झालेले नव्हते. रंगनाथन यांचेही नव्हते. तरीही निवड त्यांची झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले. वर्गातील गजबज सोडून आलेल्या या माणसाला ग्रंथालयातील शांतता असह्य झाली. थोड्याच दिवसांत ते जुन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे गेले आणि आपल्याला परत घ्यावे, अशी विनंती त्यांनी केली. इंग्लंडला जाऊन ग्रंथालयांचा अभ्यास करावा आणि त्यानंतरही मन रमले नाही तर खुशाल परत यावे, असा तोडगा निघाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स हे त्यांना गुरू लाभले. त्यांच्या सल्ल्याने रंगनाथन यांनी शंभरांहून अधिक ग्रंथालये पाहिली. तेथील ग्रंथालये सामान्य कामगारापासून संशोधकापर्यंत प्रत्येकाच्या दैनंदिन गरजेशी जोडलेली होती. एका दुकानात पाहिलेल्या मेकॅनो या खेळण्यातील सुटे भाग जोडून अनेक आकृती होतात. तद्वत विषयाचे घटक जोडून वर्गांक बनविता येईल, ही कल्पना त्यांना तेथेच सुचली. द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीचा उगम त्या कल्पनेत आहे. १९२५ मध्ये परतलेल्या रंगनाथनांना पूर्वीच्या नोकरीची आठवण राहिली नव्हती.

पुढील सुमारे वीस वर्षे त्यांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात घालविली. वाचकाने चिठ्ठी द्यावी आणि शिपायाने ग्रंथ आणावा, ही रीत मोडून त्यांनी वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ दिले. ग्रंथालयाच्या वेळा वाढविल्या. कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोठे सापडेल, हे दाखविणारी संदर्भसेवा त्यांनी सुरू केली. ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग काढला. १९३६ मध्ये ग्रंथालय चेपॉक येथील नव्या वास्तूत गेले.

१९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. ग्रंथ हे वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे, असा त्यांचा आशय. ही सूत्रे पाठ करणे सोपे आहे. त्यांचा हिशेब मांडणे अवघड. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर कपाटात कुलूपबंद राहिलेला ग्रंथ म्हणजे गुंतवून निकामी ठेवलेले भांडवल होय. एक संदर्भ शोधण्यात प्राध्यापकाची जी दुपार जाते, तिची किंमत कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. ती त्याच्या विद्यार्थ्यांना जुन्या टिपणांच्या रूपाने मोजावी लागते.

मद्रास सोडल्यावर राधाकृष्णन यांच्या निमंत्रणावरून रंगनाथन १९४५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गेले. तेथील सुमारे लाखभर ग्रंथांच्या वर्गीकरणाचे काम त्यांनी एकट्याने उपसले. १९४७ पासून ते दिल्ली विद्यापीठात होते. १९६२ मध्ये त्यांनी बंगलोर येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले. १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. ज्या विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल केले, त्यालाच त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी आपल्या मिळकतीतून एक लाख रुपये दिले. अध्यासनाला पत्नी शारदा यांचेही नाव आहे. २७ सप्टेंबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने मात्र त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य वेगळेच आहे आणि त्याची वाच्यता कमी होते. १९५७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या ग्रंथालय समितीचे ते अध्यक्ष होते. दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १५ रुपये आणि दर अध्यापकामागे २०० रुपये ग्रंथखरेदीसाठी धरावेत, अशी शिफारस त्या समितीने केली. रुपयांचे मूल्य आता बदलले आहे. प्रमाण बदलण्याचे कारण नाही. एका अध्यापकाची ग्रंथविषयक गरज तेरा विद्यार्थ्यांहून अधिक मानावी, असा त्याचा अर्थ होतो. शिक्षकाने वाचलेले अनेकांपर्यंत पोहोचते, हे त्यामागचे उघड गणित. ग्रंथपालाला शिक्षकाच्या बरोबरीचा दर्जा व वेतन असावे, हाही त्यांचा आग्रह होता. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई ग्रंथपालाकडून वसूल करण्याच्या प्रथेला त्यांचा कडवा विरोध होता. ज्याच्या पगारातून नुकसान कापले जाणार, तो ग्रंथ देण्याऐवजी राखतच बसणार, हे त्यांनी ओळखले होते.

या शिफारशींना सहा दशके उलटून गेली. २०१० मध्ये सुरू झालेल्या एन-लिस्ट योजनेमुळे लहान गावातील महाविद्यालयालाही हजारो नियतकालिके व ग्रंथ संगणकाच्या पडद्यावर मिळण्याची सोय झाली. परंतु सोय असणे आणि सेवा मिळणे यांत अंतर आहे. कोणत्या विषयाचे कोणते नियतकालिक कोठे मिळेल, हे सांगणारा प्रशिक्षित ग्रंथपाल नसेल, तर पडद्यामागचा ग्रंथही कुलूपबंद कपाटातल्या ग्रंथाइतकाच निरुपयोगी ठरतो. ग्रंथपालाची जागा रिकामी ठेवून वाचलेला पगार ही काटकसर म्हणता येणार नाही. दुसरीकडे, जो प्राध्यापक वर्षानुवर्षे काही मागतच नाही, तो ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकाला कात्री लावणाऱ्यांच्या हाती आयते कारण देत असतो. रंगनाथन यांनी अध्यापकाचा हक्क अहवालात नोंदवून ठेवला आहे. तो बजावण्याचे काम अध्यापकांचेच आहे.