बारा बोरचा कारागीर

बोईसर, पालघर, मनोर या पट्ट्यात चोऱ्यांची चर्चा सुरू झाली की बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न येतोच: घरात बंदूक ठेवावी का, आणि ठेवायची तर पंप-अ‍ॅक्शन घ्यावी का? डॉक्टरला हे विचारायचे कारण म्हणजे परवान्याच्या अर्जासोबत शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा दाखला लागतो. सिनेमात नायक जिची पुढची मूठ खर्रकन मागेपुढे करतो, ती बंदूक घडवणाऱ्या माणसाची गोष्ट आज सांगतो. उत्तराचा बराच भाग त्या बंदुकीतच दडलेला आहे.

जॉन मोझेस ब्राउनिंग २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेत, युटातल्या ऑग्डेन गावी जन्मला. वडील जोनाथन बंदुकांचे कारागीर, मॉर्मन पंथाचे. तीन बायका आणि बावीस मुले. एवढ्या मोठ्या खटल्यात हा मुलगा वडिलांच्या दुकानातल्या भंगारातच खेळला आणि लहानपणीच मोडक्यातोडक्या लोखंडातून बंदूक जोडू लागला. पहिले पेटंट १८७९ साली मिळाले, तेव्हा वय अवघे २४. चार वर्षांनी विंचेस्टर कंपनीचा बेनेट नावाचा अधिकारी थेट ऑग्डेनला आला आणि त्या रायफलीचे हक्क ८००० डॉलरला घेऊन गेला. मधे १८८७ ते १८८९ ब्राउनिंग धर्मप्रचारासाठी जॉर्जियात होता.

कंपनीला खटक्याची शॉटगन हवी होती, ती त्याने १८८७ मध्ये दिली. पण त्याच्या मनात सरकत्या मुठीची रचना होती. ती १८९३ मध्ये बाजारात आली आणि धूररहित दारूचा जास्त दाब सोसेल अशी मजबूत करून १८९७ मध्ये पुन्हा आली. रचना सोपी आहे. मुख्य नळीखाली आडव्या नळीत काडतुसे रांगेत असतात. मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे आत बसते. बारा बोर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड होईल, तेवढी नळी. साधारण साडेअठरा मिलिमीटर. १८९७ च्या बंदुकीत एक खोड होती: चाप दाबून धरला आणि नुसती मूठ सरकवली, तरी बार उडायचा. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी ती खंदकांत नेली, तेव्हा जखमा इतक्या भयंकर होत्या की सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने अधिकृत निषेध नोंदवला.

आता माझ्या बाजूने. जवळून झाडलेले छर्रे विखुरत नाहीत. ते एकाच गठ्ठ्याने आत शिरतात, सोबत काडतुसातले बूच आणि कपड्याच्या चिंध्याही नेतात. लांबून मारले तर अंगभर पसरतात. नातेवाईक सगळे छर्रे काढा म्हणून मागे लागतात, पण बहुतेक तसेच ठेवणे शहाणपणाचे असते. अपवाद मुख्यतः सांध्यातल्या छऱ्याचा, कारण सांध्यातल्या द्रवात शिसे हळूहळू विरघळते आणि विषबाधा होते. गोळी लागलेल्या माणसाची जखम कुणी कोरू नये. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावी, काही खायला-प्यायला देऊ नये आणि थेट रुग्णालय गाठावे. कपडे धुऊ नयेत, पोलिसांना ते लागतात.

घराच्या रक्षणासाठी म्हणाल तर ही लांब बंदूक दोन्ही हात मागते; मग दिवा कोण लावणार, मूल कोण उचलणार? आपल्याकडच्या चाळींत खोल्यांमधली भिंत कित्येकदा पत्र्याची किंवा प्लायवुडची. जाड छर्रा ती पार करून शेजारच्या खाटेपर्यंत जातो. बंद खोलीतला बार दीडशे डेसिबलच्याही वर जातो, एका आवाजात कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. आणि सर्वांत मोठा धोका अंधारातल्या ओळखीचा. एप्रिल २०२० मध्ये चोर फिरत असल्याच्या अफवेने गडचिंचले येथे तीन निरपराध माणसांचा जीव गेला, तिथे तर बंदूकही नव्हती. २०२५ च्या सुरुवातीला मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकाने आपल्याच सोबत्याला जनावर समजून गोळी घातली. भीतीने छाती धडधडू लागली की डोळे जे शोधत असतात तेच पाहतात.

अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, घरात बंदूक असलेल्यांचा घरातच खून होण्याचा धोका जवळपास पावणेतीनपट आढळला, आणि मारणारा बहुधा घरचा किंवा ओळखीचाच होता. तिथल्या बंदुकीच्या निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात. आपल्याकडे तीच जागा खाटेखालच्या कीटकनाशकाच्या डब्याने घेतली आहे. रागाचा एक क्षण आणि हाताशी असलेले साधन. परवाना जिल्हाधिकारी देतात, २०१६ च्या नियमांनुसार प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणही दाखवावी लागते. पण कुलपात वेगळी बंदूक आणि वेगळी काडतुसे ठेवली, तर चोर येईपर्यंत ती तयार होत नाही. उशाशी भरून ठेवली, तर मुलांच्या हाती लागते. घट्ट कडी, दारावर दिवा, जागता शेजार आणि ११२ क्रमांक हे माझ्या मते आधीचे उपाय. दाखल्यावर सही करण्यापूर्वी मी झोप, दारू आणि घरातली भांडणे यांबद्दल विचारतो. काहींना ते आवडत नाही.

ब्राउनिंगचे पुढे विंचेस्टरशी फाटले. आपोआप भरणाऱ्या शॉटगनवर प्रत्येक नगामागे मोबदला हवा, हा त्याचा आग्रह कंपनीने मानला नाही. जानेवारी १९०२ मध्ये तो रेमिंग्टनच्या अध्यक्षांना भेटायला गेला. तो बाहेर बसलेला असतानाच ते हृदयविकाराने गेले. मग त्याने बेल्जियमची वाट धरली. त्याच्या आराखड्याचे पिस्तूल १९१४ मध्ये साराएव्होत झाडले गेले आणि महायुद्ध पेटले. त्याने सुरू केलेले आणि दुसऱ्याने पुरे केलेले आणखी एक पिस्तूल पुढे आपल्या इशापूरच्या कारखान्यात भारतीय लष्करासाठी बनू लागले. एकूण १२८ पेटंट त्याच्या नावावर होती.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजच्या कारखान्यात, मुलगा व्हालच्या कचेरीत, हृदय बंद पडून तो गेला. वय ७१. त्या दिवसांत तो वरखाली दोन नळ्या असलेल्या साध्या शॉटगनवर काम करत होता. ती व्हालने पूर्ण केली.