फ्रीड्रिख फ्रोबेल

फ्रीड्रिख विल्हेल्म आउगुस्ट फ्रोबेल (२१ एप्रिल १७८२ – २१ जून १८५२) हे जर्मन शिक्षणतज्ज्ञ व बालोद्यान अर्थात किंडरगार्टन पद्धतीचे प्रवर्तक होते. खेळ हेच लहान मुलाचे शिक्षण असून त्याचा आरंभ घरी, आईच्या सहवासात होतो, असा विचार त्यांनी मांडला. त्यासाठी त्यांनी खेळसाहित्याची एक क्रमबद्ध मालिकाही तयार केली.

बालपण व शिक्षण

फ्रोबेल यांचा जन्म थुरिंगियातील ओबरवाइसबाख या गावी झाला. वडील ल्यूथरपंथीय धर्मोपदेशक होते. फ्रोबेल अवघ्या नऊ महिन्यांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. पुढे आलेल्या सावत्र आईकडून त्यांची उपेक्षा झाली आणि वडिलांना धर्मकार्यातून सवड मिळत नसे. एकाकी मुलाचा बराच काळ बागेत व रानात जाई. दहाव्या वर्षी स्टाटइल्म येथील मामांनी त्यांना आपल्या घरी नेले. तेथे त्यांना प्रथमच मायेचे वातावरण लाभले.

१७९७ पासून दोन वर्षे त्यांनी एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारी केली. त्यानंतर येना विद्यापीठात त्यांनी काही काळ अध्ययन केले. परंतु पैशांअभावी ते पूर्ण झाले नाही. १८०५ मध्ये वास्तुशास्त्र शिकण्याच्या हेतूने ते फ्रँकफुर्टला गेले असता तेथील एका शाळेत त्यांना शिक्षकाचे काम मिळाले आणि आपले कार्यक्षेत्र सापडले. १८०८ ते १८१० या काळात ते स्वित्झर्लंडमधील इव्हर्दों येथे योहान पेस्तालोत्सी यांच्या संस्थेत राहिले. पुढे गटिंगेन व बर्लिन येथे त्यांनी खनिजशास्त्राचा अभ्यास केला. स्फटिकांच्या नियमबद्ध आकारांचा ठसा त्यांच्या पुढील खेळसाहित्यावर उमटलेला दिसतो.

शैक्षणिक कार्य

१८१३ मध्ये बंधू क्रिस्टोफ यांचे निधन झाल्यावर पुतण्यांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. त्यातूनच १८१६ मध्ये फ्रोबेल यांनी ग्रीसहाइम येथे शाळा काढली; पुढील वर्षी ती काइलहाउ येथे हलवली. १८२६ मध्ये त्यांचा मानवाच्या शिक्षणाविषयीचा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला. शाळेत येण्यापूर्वीच्या वर्षांत मुलांची जडणघडण मोठ्या प्रमाणात होऊन जाते, याची जाणीव झाल्याने त्यांचे लक्ष शिशुवयाकडे वळले.

१८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी खेळसाहित्य निर्मितीचे काम सुरू केले. या साहित्यास त्यांनी देणग्या असे नाव दिले. पहिल्या देणगीत दोरी बांधलेले सहा रंगांचे लोकरी चेंडू असत. दुसरीत लाकडी गोल, घन व दंडगोल. तिसरी देणगी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक घन. तो सुटा करताना व पुन्हा जुळवताना मुलाला भाग आणि पूर्ण यांचा संबंध, संख्या आणि आकार हे स्वतःच्या हातांनी उमगत. त्याच तुकड्यांतून खुर्ची, जिना किंवा घर उभे राही. याखेरीज कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचे विणकाम, मातीकाम असे उद्योग आणि प्रत्येक मुलाला बागेतील स्वतःचा वाफा, अशी योजना होती. मोठ्यांनी आयते उत्तर न देता सोबत बसून निरीक्षण करावे, गाण्याची वा शब्दाची जोड द्यावी, अशी त्यांची अपेक्षा होती.

१८४० मध्ये त्यांनी आपल्या संस्थेस किंडरगार्टन हे नाव दिले. १८४४ मध्ये मातांसाठी गीते व बोटांच्या खेळांचे पुस्तक प्रसिद्ध केले. घरातील नित्याच्या लाडकौतुकालाच शिक्षणाचे रूप देणे, हा त्यामागील हेतू होता. स्वतः आईच्या सहवासाला मुकलेल्या व निपुत्रिक राहिलेल्या फ्रोबेल यांनी मातेचे कार्य शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले, ही बाब लक्षणीय आहे. बालोद्यानांसाठी त्यांनी तरुण स्त्रियांना प्रशिक्षण दिल्याने स्त्रियांना एक नवे व्यवसायक्षेत्र खुले झाले.

बंदी व मृत्यू

ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने नास्तिकता व समाजवाद पसरवण्याच्या आरोपावरून बालोद्यानांवर बंदी घातली. पुतणे कार्ल फ्रोबेल यांच्या लेखनाशी त्यांच्या कार्याची गल्लत झाली होती. मात्र हे निदर्शनास आणूनही बंदी उठली नाही. पुढील वर्षी मारिएनटाल येथे त्यांचे निधन झाले. श्वाइना येथील त्यांचे स्मारक घन, दंडगोल व गोल यांच्या रूपात उभारलेले आहे.

प्रभाव

१८६० मध्ये बंदी उठवण्यात आली. दरम्यान, मार्गारेटे शुर्त्स यांनी १८५६ मध्ये अमेरिकेतील वॉटरटाउन येथे जर्मन भाषेतील बालोद्यान सुरू केले होते. बेर्टा फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो यांनी युरोपात या पद्धतीचा प्रसार केला. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हे साहित्य पाहून एका आईने ते आपल्या मुलाला घरी खेळायला दिले; तो मुलगा म्हणजे पुढे ख्यातनाम झालेले वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट. आपल्या घडणीत या ठोकळ्यांचा वाटा असल्याचे राइट यांनी उतारवयातही आवर्जून नमूद केले.