पहिल्या पाटीपासून ससूनच्या वॉर्डापर्यंत

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना लोणार तालुक्यातले सुलतानपूर लागते. अशा गावातली मुलगी परिचर्येचा तीन वर्षांचा ‘जीएनएम’ पदविका अभ्यासक्रम पुरा करून घरी येते, तेव्हा प्रश्न उभा राहतो : आता नोकरी, की पुढे पदवी? वडील खर्चाचा हिशेब मांडतात, आईच्या मनात लग्नाची काळजी असते. आणि शेजारीपाजारी कुणीतरी विचारतेच, की एवढे शिकून पुन्हा कशाला शिकायचे? या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेली एक बाई पुण्यात होऊन गेली. तिचे नाव रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा, कुर्लेकरांच्या घरातला. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झाले. तोवर त्यांना अक्षरओळख नव्हती. पतीने पाटी हातात दिली आणि शिक्षण सुरू झाले. मराठी झाले, मग इंग्रजी आले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. टोमणे झाले, अबोला झाला. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही आणि पुस्तकही खाली ठेवले नाही.

१९०१ साली न्यायमूर्ती गेले. एरवी अशा विधवेचे आयुष्य माजघरात संपायचे. रमाबाईंनी मात्र आपल्या राहत्या वाड्याचे दार इतर बायकांसाठी उघडले. १९०९ साली तेथे पुणे सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर या कामात त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. येणाऱ्या बायकांत विधवा होत्या, परित्यक्ता होत्या, उशिरा शिकू पाहणाऱ्या संसारी बायकाही होत्या. कुणी लिहायला-वाचायला शिकली, कुणी शिवण शिकली, कुणी शिक्षिका झाली.

काहींना त्यांनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी पाठवले. त्या काळी हे धाडसच होते. परक्या पुरुषाची शुश्रूषा, जातीपातीचा विटाळ, रात्रपाळी या नुसत्या शब्दांनी घरे हादरत. म्हणून केवळ शिकण्याची सोय करून रमाबाई थांबल्या नाहीत. शिकायला मोठे रुग्णालय हवे, राहायला सुरक्षित जागा हवी आणि माघारी घरच्यांचा विश्वास हवा, हे त्यांनी ओळखले होते. त्या स्वतः रुग्णांच्या भेटीला जात. न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी ज्या वॉर्डात जाते, तिथे आपली लेक गेली तर काय बिघडले, असे म्हणायला लोकांना आधार मिळाला. १९२४ साली रमाबाई निवर्तल्या, तोवर एक वाट रुळू लागली होती.

त्यानंतर परिचर्या विद्यापीठात पोहोचली. देशातले पदवी अभ्यासक्रम १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली निघाले. आज जीएनएम होऊन परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेल्या मुलीला ‘पोस्ट बेसिक बीएस्सी’ ही पदवी दोन वर्षांत घेता येते. बारावीनंतर थेट बीएस्सी नर्सिंग केले तर चार वर्षे लागतात. म्हणजे आधीची तीन वर्षे वाया जात नाहीत. पदवी असली की शिकवण्याची आणि पुढच्या उच्च शिक्षणाची दारे उघडतात.

महाविद्यालय निवडताना मात्र रमाबाईंचीच कसोटी लावावी. इमारतीच्या रंगापेक्षा तिच्यामागे रुग्णालय कोणते, तिथे खाटा भरलेल्या असतात का, हे आधी पाहावे. मान्यतेचा कागद मागून घ्यावा. वसतिगृहाची खोली आईने स्वतः जाऊन बघावी. घरची ओढ फार असेल, तर आधी नोकरी धरून थोडे पैसे गाठीला बांधावेत आणि मग पदवीला जावे. त्यात कमीपणा नाही. रमाबाईंनीही पाटी लग्नानंतरच हाती घेतली होती.