विश्लेषण : ‘गाडगीळ सूत्र’ देणारे धनंजयराव गाडगीळ कोण होते? राज्यांना मिळणाऱ्या पैशाचे राजकारण त्यांनी कसे बदलले?

केंद्राने आपल्या राज्याला कमी पैसे दिले, अशी तक्रार जवळपास प्रत्येक अर्थसंकल्पानंतर कुठल्या ना कुठल्या राज्यातून होते. साठच्या दशकातही हीच तक्रार होती. त्यावर एका मराठी अर्थतज्ज्ञाने उपाय शोधला आणि तो ‘गाडगीळ सूत्र’ म्हणून देशभर ओळखला गेला. विकासाचा पैसा कोणाला किती मिळावा हे मर्जीने नव्हे, नियमाने ठरावे, असा प्रयत्न करणाऱ्या धनंजय रामचंद्र गाडगीळ यांच्या कार्याविषयी…

धनंजयराव गाडगीळ कोण होते?

गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकमध्ये झाला. नागपूरला शिक्षण घेऊन ते इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी भारतातील उद्योगांच्या वाटचालीवर प्रबंध लिहिला. १९२४ मध्ये तो पुस्तकरूपाने आला आणि पुढे अनेक दशके अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे पाठ्यपुस्तक ठरला. सूरतच्या महाविद्यालयात काही वर्षे प्राचार्य राहिल्यानंतर १९३० मध्ये ते पुण्यात आले. साताऱ्याचे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून सुरू झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे पुत्र.

त्यांची अभ्यासाची पद्धत वेगळी कशी होती?

पुस्तकातील सिद्धान्तापेक्षा बाजारात आणि शेतावर काय चालते, याची मोजणी आधी व्हावी, असा गाडगीळांचा आग्रह होता. त्यामुळे संस्थेचे सुरुवातीचे विषय आजही नवलाचे वाटतात. पुण्यातील फळांची विक्री, मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांमधली मोटार वाहतूक, वाई तालुक्यातील शेती, पुणे शहरातील कुटुंबांची मिळकत अशा पाहण्या या संस्थेने केल्या.

यातलीच एक पाहणी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची होती. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालात कालव्याच्या पाण्याचा प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायदा किती झाला, याचा हिशेब मांडला होता. कालव्याचे मोल फक्त पाणीपट्टीच्या वसुलीवरून ठरवू नये, हा त्यामागचा विचार होता. योगायोग असा, की त्याच प्रवरेच्या काठावर गाडगीळांना पुढे प्रत्यक्ष काम करायचे होते.

प्रवरानगरच्या कारखान्याशी त्यांचा संबंध काय?

कालव्यामुळे नगर जिल्ह्यात ऊस आला, पण साखरेचा धंदा खासगी कारखान्यांच्या हातात होता. गुळाचा भाव पडला की शेतकरी कर्जात जात असे. लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांच्याच मालकीच्या कारखान्यासाठी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केले. या कारखान्याचे अध्यक्षपद गाडगीळांनी स्वीकारले आणि विखे पाटील उपाध्यक्ष झाले. सहकारी चळवळीतले वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई सरकारात मंत्री होते. त्यांचेही पाठबळ मिळाले. १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाले आणि सुरुवातीची सुमारे दहा वर्षे गाडगीळ अध्यक्ष होते.

या रचनेतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे मताचा अधिकार. शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच. कारखान्याचा नफा आणि निर्णय हे दोन्ही ऊस पिकवणाऱ्याकडे राहावेत, हा त्यामागचा हेतू होता. महाराष्ट्रातील पुढचे सहकारी कारखाने याच धर्तीवर उभे राहिले.

ते दिल्लीत कधी गेले?

नियोजन आयोगाच्या कामावर गाडगीळ सुरुवातीपासून टीका करत. किमती आणि धान्यवाटपावर ताबा नसेल तर योजना म्हणजे नुसती खर्चाची यादी ठरते, असे त्यांचे मत होते. आयोगाने तज्ज्ञ म्हणून सल्ला द्यावा आणि मंत्र्यांनी निर्णय घ्यावेत, या दोन्ही कामांची सरमिसळ नको, असेही ते सांगत. सप्टेंबर १९६७ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने याच टीकाकाराला आयोगाचे उपाध्यक्ष केले.

काळ अवघड होता. दुष्काळ आणि युद्धामुळे पंचवार्षिक योजना थांबली होती आणि १९६६ ते १९६९ या काळात वार्षिक योजनांवर काम चालू होते. १९६७ च्या निवडणुकीत अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली. एकाच पक्षाची सत्ता असताना मुख्यमंत्री आणि दिल्ली यांच्यात आतल्या आत मिटणारे वाद आता उघडपणे होऊ लागले. तोपर्यंत योजनेसाठीची केंद्रीय मदत वेगवेगळ्या प्रकल्पांना वेगवेगळ्या अटींवर मिळत होती. त्यामुळे ज्याचे दिल्लीत वजन, त्याला जास्त पैसा, असा राज्यांचा समज होता.

गाडगीळ सूत्र नेमके काय होते?

चौथ्या योजनेपासून (१९६९-७४) लागू झालेल्या या सूत्रात आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर या राज्यांसाठीची रक्कम आधी बाजूला काढली जाई. उरलेल्या पैशाचे वाटप असे होते :

• ६० टक्के लोकसंख्येनुसार
• १० टक्के दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा कमी असलेल्या राज्यांना
• १० टक्के राज्याने स्वतः कर गोळा करण्यासाठी केलेल्या प्रयत्नांनुसार
• १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी
• १० टक्के राज्याच्या खास अडचणींसाठी

मदतीचा ३० टक्के भाग अनुदान आणि ७० टक्के कर्ज असे प्रमाणही ठरले. बाजूला काढलेल्या राज्यांसाठी ते ९० टक्के अनुदान आणि १० टक्के कर्ज असे होते. आता कोणत्याही मुख्यमंत्र्याला आपल्या वाट्याचा हिशेब स्वतः मांडता येत होता.

सूत्रावर टीका कोणती झाली?

लोकसंख्येला दिलेल्या वजनामुळे गरीब राज्यांना फार झुकते माप मिळत नाही, हा मुख्य आक्षेप होता. मोठे प्रकल्प आधीच हाती घेतलेल्या राज्यांचा त्यात फायदा होता. खास अडचणींच्या १० टक्क्यांत वाटाघाटीला जागा उरली होती. १९८० मध्ये प्रकल्पांचा निकष काढून दरडोई उत्पन्नाचे वजन २० टक्के केले गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्रणव मुखर्जी यांच्या काळात सूत्र पुन्हा बदलले. मात्र केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा सूत्राबाहेरच राहिला आणि तो वाढत गेला.

अग्रणी बँकेची कल्पनाही त्यांचीच का?

जुलै १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी ठरावीक क्षेत्राची जबाबदारी घ्यावी, अशी शिफारस केली. त्यातूनच डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेची अग्रणी बँक योजना आली. आजही प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक असते. पुणे जिल्ह्यासाठी हे काम बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे.

शेवट कसा झाला आणि आज काय उरले?

मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींना मोठे बहुमत मिळाले. त्यानंतर आयोगाची फेररचना झाली आणि गाडगीळ पदावरून बाजूला झाले. त्यांच्या जागी सी. सुब्रमण्यम हे मंत्री आले. तज्ज्ञ आणि मंत्री यांची कामे वेगळी ठेवा, असे सांगणाऱ्या माणसाची खुर्ची पुन्हा मंत्र्याकडे गेली. ३ मे १९७१ रोजी गाडगीळांचे निधन झाले.

नियोजन आयोग गेला आणि १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला. राज्यांना पैसे वाटण्याचे काम या नव्या आयोगाकडे नाही आणि गाडगीळ सूत्रावर चालणारी मदतही त्याच सुमारास थांबली. आता करांतला वाटा वित्त आयोग ठरवतो, तर उरलेला मोठा हिस्सा केंद्राच्या योजनांमधून येतो. इकडे एक सभासद, एक मत या तत्त्वावर उभ्या राहिलेल्या कारखान्यांपैकी अनेक राजकीय घराण्यांचे बालेकिल्ले झाले. नियम लिहिल्याने मर्जीचे राजकारण संपत नाही, हे दोन्हीकडे दिसले. पण नियम असला की मर्जी कुठे चालली हे निदान दाखवता येते. गाडगीळांच्या आधी राज्यांच्या हाती तेवढाही आधार नव्हता.