पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे : एका शोधकाचें चरित्र

सृष्टि आहे, त्या अर्थीं तिचा कोणी कर्ता असला पाहिजे, हें पुष्कळांस पटतें. परंतु तो कर्ता केवळ एक शक्ति आहे, कीं आमची हांक ऐकणारा दयाळू पिता आहे? प्रिय वाचकहो, ह्या प्रश्नापायीं ज्यांनीं स्वजनांचा आश्रय व पंडितांतील मान पणास लाविला, त्या शास्त्रीबोवांचें चरित्र मननीय आहे.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजीं झांशीकडील मुलखांत एका कोंकणस्थ ब्राह्मण घराण्यांत झाला. काशीस त्यांनीं संस्कृत शास्त्रांचें अध्ययन केलें. ख्रिस्ती मताचें खंडन करावें म्हणून ते मिशनरी विल्यम स्मिथ यांजकडे गेले. परंतु वाद करितां करितां त्यांचेंच मन पालटलें. १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें त्यांनीं स्नानसंस्कार घेतला व नेहेम्या हें नांव धारण केलें.

पुढें त्यांनीं हिंदींत 'षड्दर्शनदर्पण' हा ग्रंथ लिहिला. घट पाहून कुंभार मानावा, तसें जग पाहून ईश्वर मानावा, हें नैयायिकांचें अनुमान. त्यावर शास्त्रीबोवांचा आक्षेप असा कीं, परमाणु व जीव हेहि अनादि असतील, तर ईश्वर कुंभारच ठरतो. शून्यांतून निर्माण करणारा ठरत नाहीं. सांख्यांच्या अचेतन प्रकृतीस हेतु कसा असावा? निर्गुण ब्रह्म प्रार्थना कशी ऐकेल? सगुण ईश्वर ऐकतो, हें वेदांत्यांचें उत्तर. पण तो परमार्थतः सत्य नसेल, तर भक्तानें कोणावर भिस्त ठेवावी, ही त्यांची अडचण होती.

तथापि निव्वळ तर्कानें पित्याची ओळख पटते, असें ते मानीत नसत. त्यास प्रभूचें प्रकटीकरण हवें, असें ते ब्राह्मसमाजी मंडळींस सांगत. स्वतः त्यांस शंकांनीं जन्मभर छळिलें, तरी त्यांनीं प्रार्थना सोडिली नाहीं. १८७० सालीं ते अँग्लिकन धर्मगुरु झाले. पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेवर त्यांचा मोठा प्रभाव पडला. १८९५ सालीं ते निवर्तले.

ते आमच्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. तरी १८७० सालींच व्हॅटिकन धर्मपरिषदेनें शिकविलें कीं, सृष्टीवरून बुद्धीस परमेश्वर निश्चित कळूं शकतो, आणि त्याचें अंतःकरण मात्र त्यानेंच प्रकट केलें आहे.

फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणींतून वाढलेल्या आपल्या उल्हासनगरांत नाना मतांचे लोक शेजारीं नांदतात. कॅम्प १ मधील एखाद्या शेजाऱ्यानें हाच प्रश्न विचारिला, तर शास्त्रीबोवांप्रमाणें आधीं त्याचें मत नीट समजून घ्यावें, मग नम्रपणें उत्तर द्यावें. जुबिलीच्या मंगल प्रसंगीं एवढा निश्चय आपण करूं या.