शीडामची संत लिडविना



आपल्या खडकवासल्याच्या धरणाचे पाणी कधी गोठत नाही. हॉलंडमधील कालवे मात्र हिवाळ्यात गोठतात आणि मुले त्या बर्फावर घसरण्याचा खेळ खेळतात. १३९५-९६ च्या हिवाळ्यात शीडाम गावची १५ वर्षांची लिडविना खेळताना पडली आणि तिची बरगडी मोडली.

लिडविनाचा जन्म १३८० साली झावळ्यांच्या रविवारी झाला. वडील रात्रीचे पहारेकरी, घरची गरिबी, आणि नऊ मुलांत ही एकटीच मुलगी. पडल्यानंतर ती पुन्हा सावरली नाही. आधी सामानाला धरून चाले, पुढे पाय लुळे पडले, दातांत कळा येत, दृष्टी अधू झाली. मधूनच बरे वाटे, पुन्हा खालावे. १४ एप्रिल १४३३ रोजी देवाघरी जाईपर्यंत सुमारे ३७ वर्षे हेच चालले.

मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाचे सविस्तर वर्णन पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी १८६८ मध्ये केले. शरीराची संरक्षणशक्ती चुकून मज्जातंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते आणि मेंदूचे निरोप अवयवांपर्यंत नीट पोहोचत नाहीत. लिडविनाला हाच रोग असावा, असे बेल्जियमचे डॉ. मेडर यांनी १९७९ मध्ये मांडले. सहाशे वर्षांनी खात्री कशी देणार? पण लक्षणे जुळतात खरी.

सुरुवातीची काही वर्षे ती रडली, कुरकुरली. चरित्रकार हे लपवत नाहीत, हे मला आवडते. सेमिनरीत दुःखाच्या प्रश्नावर आम्ही पुष्कळ पाने वाचली. तिच्या खाटेजवळ त्यातली थोडीच टिकतील. यान पॉट नावाचे धर्मगुरू तिच्याकडे येत राहिले, प्रभूच्या दुःखसहनावर मनन करायला शिकवत राहिले. मन वळायला वेळ लागला. पुढे दुसऱ्या एका धर्मगुरूंनी तिच्यावर संशय घेतला. तरी मिळालेले दान ती अंथरुणातूनच गरिबांना वाटत असे. पोप तेरावे लिओ यांनी १८९० मध्ये तिच्या भक्तीला मान्यता दिली.

हा रोग संसर्गजन्य नाही, शापही नाही. तो पूर्ण बरा होत नाही, पण आजची औषधे त्याचे झटके कमी करतात. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते. तिची शाखा पुण्यातही आहे. यातला थकवा बाहेरून दिसत नाही, म्हणून घरचेच आजाऱ्याला आळशी म्हणतात. लिडविनाचा सण १४ एप्रिलला येतो. तेव्हा आपल्याकडे ऊन चढलेले असते आणि उष्णतेने या रोगाची लक्षणे वाढतात. आजाऱ्याला भेटायला जायचे तर सकाळी लवकर जावे, आणि फार वेळ बसू नये.