धुराचा हिशेब : जे. सी. कुमारप्पा

वाणिज्य शाखेत आम्ही जमाखर्च शिकतो. पण चुलीचा धूर कोणत्या खात्यावर मांडावा? हा प्रश्न एका हिशेबतपासनिसालाच पडावा, हे विशेष.

जे. सी. कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे झाला. लंडनमध्ये हिशेबतपासनीस होऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय केला. पुढे अमेरिकेत अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि आयुष्याची दिशा पालटली. गुजरातेतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी त्यांनी केली. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे चिटणीस म्हणून ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहिले.

मगनवाडीचे नाव सांगणारी ‘मगन चूल’ १९४७ च्या सुमारास पुढे आली. तिचे अंग मातीचे व बंद, वर भांड्यांसाठी तोंडे, मागे धुराडे. तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर चढते आणि चुलीच्या तोंडातून ताजी हवा ओढून घेते. ही ओढ कमी पडली तर धूर घरात परततो. जास्त झाली तर आच भांड्याला न लागताच निघून जाते आणि सरपण वाया जाते. म्हणून धुराडे आढ्याच्या वर न्यावे, काजळी वेळोवेळी काढावी, झडपेने ओढ आवरावी.

३० जानेवारी १९६० रोजी कुमारप्पा निवर्तले. स्वयंपाक करणारीचे डोळे आणि रानातले लाकूड यांनाही ताळेबंदात जागा हवी, हीच त्यांच्या अर्थशास्त्राची शिकवण आहे.